हाताला गुण

देवीकडे मुलींच्या हाताला गुण मागायला जावं आणि स्वतःचाच हात मोडून परत यावं, याला काय म्हणायचं? मी नर्सिंग शिकवते. मुलींची परीक्षा जवळ आली, म्हणून डहाणूच्या महालक्ष्मीला गेले, "माझ्या मुलींच्या हाताला गुण दे" एवढंच मागितलं, आणि डोंगर उतरताना पाय घसरला. उजव्या मनगटाला प्लास्टर. लोक येऊन विचारपूस करायचे आणि मी मनातल्या मनात देवीशी भांडायचे. रुसलेच होते म्हणा ना.

मी शिकवते तशी बरी, पण धीर कमी. प्रसूतिगृहात एखादी मुलगी जरा चाचरली की माझा हात पुढे गेलाच म्हणून समजा. तलासरीकडची सविता सरावाच्या बाहुलीवर सगळं अचूक करायची, पण खऱ्या बाळापुढे तिची बोटं थरथरायची, आणि तेवढ्यात मीच ते काम उरकून टाकायचे. आपल्याला हे जमणार नाही, आपण घरी जातो, असं तिनं माझा हात मोडला त्याच आठवड्यात मला सांगितलं होतं.

हात प्लास्टरमध्ये असतानाच एका दुपारी एक बाळ जन्मलं आणि रडलंच नाही. डॉक्टर शेजारी शस्त्रक्रियेत होते, त्यांना निरोप गेला. ड्यूटीवरची सिस्टर आईला सांभाळत होती. बाळाला पुसलं, पाठ चोळली, तरी ते निपचित. आता तोंडावर मास्क बसवून पिशवीनं श्वास द्यायचा. एका हातानं मास्क घट्ट धरायचा, दुसऱ्यानं पिशवी दाबायची. त्याला दोन हात लागतात, आणि माझ्याकडे एकच! सवयीनं पुढे गेलेलं प्लास्टर मी पाठीमागे घेतलं आणि म्हटलं, "सविता, तूच कर. मी इथंच आहे."

तिनं पिशवी दाबली. छाती हललीच नाही. दारातून बाळाच्या आजीचा आवाज आला, "पोर का नाय रडत?" बाळाची मान सरळ कर, एवढंच मला सांगायचं होतं, पण घशाला अशी कोरड पडली की शब्द फुटेना. आई महालक्ष्मी, आता तूच बघ, असं मनात आलं. आणि सविता कुणी न सांगता थांबली. तिनं बाळाची मान सरळ केली, मास्क नीट बसवला, पुन्हा पिशवी दाबली. छाती वर आली! दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन, असं ती पुटपुटत होती आणि तिची बोटं अजिबात थरथरत नव्हती. मग बाळानं असा टाहो फोडला की धावत आलेले डॉक्टर दारातच हसले. मला तर नाचावंसं वाटत होतं.

"मॅडम, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत," ती नंतर म्हणाली, "तेव्हा वाटलं, माझं बरोबर चाललंय."

मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. देवीनं माझा हात काढून घेतला होता, आणि ऐन वेळी तोंडही बंद केलं होतं.

कुणी याला योगायोग म्हणेल, मी वाद घालत नाही. प्लास्टर निघाल्यावर घोलवडचे चिकू घेऊन देवीला गेले आणि रुसवा तिथंच सोडून आले. सविता घरी गेली नाही. आता ती नव्या मुलींना बाहुलीवर शिकवते. आणि एखादी मुलगी पहिल्यांदा खऱ्या बाळाला हात लावते, तेव्हा मी तिच्याशेजारी उभी राहून माझे दोन्ही हात पाठीमागे बांधते. लोक देवीपुढे हात जोडतात. माझा नमस्कार असा होतो.