मोहफुलांचा पेला

क्षमा या विषयावर मी आयुष्यात जितके उपदेश ऐकले, तितक्या मलेरियाच्या तपासणीच्या रक्ताच्या काचपट्ट्याही गोळा केल्या नसतील. आणि त्या मी ढिगानं केल्या. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. अहेरीपासून चार कोसांवरच्या एका गावात, आरोग्य उपकेंद्रात मी नर्स होते. आठवडाभर सहा गावं पायी तुडवायची, लेकरांना सुया टोचायच्या, बाळंतिणींची शिवीगाळ ऐकायची आणि रविवारी पाय ओढत चर्चला जायचं. तिथं पाळक म्हणायचे, ओझी टाकून द्या. मला वाटायचं, आधी चपला काढू द्या.

आमची मंडळी चौदा घरांची. मातीच्या भिंती, वर कवेलू, खाली चटया. बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे, मध्ये हातभर वाट. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि रसाचा पेला, असायचं आणि त्याच्या आदल्या शनिवारी समेट. हा समेट मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही. ज्याच्याशी वाकडं असेल त्याच्या दारी जायचं, त्यानं लोटाभर पाणी आणायचं आणि दोघांनी एकाच लोट्यातलं प्यायचं. बोलणं झालं नाही तरी चालायचं. सासवा-सुनांचे समेट शनिवारी व्हायचे आणि मंगळवारपर्यंत टिकले तर नवल. पण ज्याचा समेट झाला नाही, त्यानं रविवारी पेल्यांचा ट्रे न घेता पुढं सरकवायचा, हा नियम होता. कोणी विचारायचं नाही. बघायचे मात्र सगळे.

मी बारा वर्षं ट्रे पुढं सरकवला.

कारण सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. माझे बाबा फडीवर, म्हणजे तेंदूपत्ता गोळा करायच्या ठिकाणी, मुन्शी होते. लग्नाआधी ते पीत असत, हे ते स्वतःच सांगायचे, जरा जास्तच रंगवून सांगायचे. बाप्तिस्मा घेतला त्या दिवसापासून थेंबाला शिवले नाहीत. मी सोळा वर्षांची असताना एका एप्रिलमध्ये, आठवडाभर आम्ही सगळे पहाटे मोहफुलं वेचायला जात होतो. त्या दिवसांत अंगाला, केसांना, पांघरुणाला, सगळ्याला तोच गोड-आंबट वास. रविवारी प्रभुभोजनात बाबांनी पेला ओठाशी नेला आणि पुढच्या चटईवरून मास्तर उठले.

मास्तर म्हणजे आमच्या मंडळीचे पंच. शाळेत त्यांनी मला बाराखडी शिकवली होती. चंद्रपूरकडून बदलून आले होते, कडक माणूस. ते म्हणाले, “थांबा पाळकसाहेब. या भावाच्या तोंडाले मोहाच्या दारूचा वास येऊन राह्यला.”

बाबांनी पेला ट्रेमध्ये परत ठेवला. “मी पिलो नाई,” इतकंच म्हणाले आणि बाहेर गेले. पंचांनी ठरवलं, मंडळीपुढं कबुली द्या, तीन महिने शिस्तीखाली, म्हणजे पेल्याविना, राहा, मग सगळं पूर्ववत. जे केलं नाही त्याची कबुली द्यायला बाबा तयार नव्हते. पंचांनी त्याला गर्व म्हटलं. पुढं तीन वर्षं बाबा दर रविवारी आले, दाराजवळ बसले, गाणी मोठ्यानं गायले, आणि पेला त्यांच्या ओठाला लागला नाही. मग तापानं गेले.

आईकडचे सगळे छप्पन सालानंतर बौद्ध झालेले. मातीला आलेला मामा मला बाजूला घेऊन म्हणाला, “आमच्याकडं ये बाई. आमच्या विहारात कोणी तोंड हुंगत नाई.” मी गेलेही. दोन रविवार विहारात बसले. माणसं चांगली होती, बोलणं पटण्यासारखं होतं. पण तिसऱ्या रविवारी आपोआप पाय चर्चकडे वळले. विश्वास उडाला असता तर किती सोपं झालं असतं! तो उडाला नाही, नुसता थकला. देव आहे, असं मला वाटायचं. तो आमच्या मंडळीत बसतो का, याची खात्री नव्हती.

आणि गंमत अशी की प्रभुभोजनाची तयारी माझ्याकडेच. आधी आई करायची, तिचे गुडघे गेले. नर्सचे हात स्वच्छ म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. शनिवारी अहेरीच्या बाजारातून मनुका आणायच्या, धुऊन उकळायच्या, कुस्करून गाळायच्या. तो आमचा द्राक्षरस. तांदळाची भाकर मोडून ताटलीत ठेवायची, काचेचे छोटे पेले उकळत्या पाण्यातून काढायचे. स्वतः न पिता दुसऱ्यांचे पेले भरायचे. या कामात मी मोठी तरबेज झाले.

त्या वर्षी श्रावणात नाल्याच्या रपट्यावरून पाणी गेलं आणि एस.टी. बंद झाली. पाळक शुक्रवारच्या गाडीनं येऊन अडकलेले. मनुका मात्र अहेरीच्या दुकानातच राहिल्या. आई म्हणाली, साध्या पाण्यावर भागव. मी “हो” म्हटलं. मग मडक्यातली सुकी मोहफुलं माझ्यासमोर आली. मनुकांसारखीच दिसतात. नुसती उकळली तर त्यात नशेचं काही नसतं, आमच्याकडे लेकरंही खातात. गोडवा तसाच, रंग तसाच.

मनुका मिळाल्या नाहीत हे खरं. पण मी इथं खोटं लिहिणार नाही. मोहफुलं धुताना मला मास्तरांचा चेहरा दिसत होता, आणि मला बरं वाटत होतं. ज्या वासासाठी माझ्या बापाला उठवलं, तो वास तुमच्या घशाखाली घालते, असं मी मनात म्हणत होते. सगळ्या मंडळीला न सांगता, पवित्र म्हणून. असलं काम आमच्यातलाच माणूस करू जाणे.

रविवारी ट्रे फिरला. कोणाला काही कळलं नाही, एकदोघांनी नाक जरा वर केलं इतकंच. मास्तरांनी पेला तोंडाला लावला आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं. आता उठतील, असं मला वाटलं, आणि उठावं अशी माझी इच्छाही होती. मला बोलायचं होतं, बारा वर्षांचं पाठ करून ठेवलेलं. मास्तरांनी डोळे मिटले आणि पेला रिकामा केला.

उपासना संपल्यावर मी मागच्या ओसरीवर पेले धूत होते. मास्तर काठी टेकत आले.

“मनुका नाई भेटल्या वाट्टे, बाई.”

“नाई भेटल्या. गाडी बंद.”

“मोहफूल होतं.”

“हो. पंचायत बसवाची असन तर बसवा.”

ते पायरीवर बसले. बसायलाच त्यांना बराच वेळ लागला. “मी तं याच्यावरच वाढलो. घरात दाना नसला का माय हेच उकडून दे. मोहाचं पानी कोनतं अन् दारू कोनती, मले दुरून समजते.” मग म्हणाले, “म्हनून सांगतो. त्या दिवशी तुह्या बापाच्या तोंडाले वास नव्हता. कपड्याले होता.”

माझा हात पाण्यातच राहिला.

“कवा समजलं तुमाले?”

“बोलून झाल्यावर. तो माह्या बाजूनं बाहेर गेला, तवा.”

“मंग तवाच काऊन नाई बोलले?”

“सारे माह्याकडं पाहून राह्यले होते. मास्तर चुकला म्हनाव कसं? उद्या सांगतो, उद्या सांगतो करता करता तो मरून गेला.” त्यांनी हात जोडले. “मले माफ कर, बाई.”

इतकी वर्षं मी समजत होते की हा माणूस चुकला. चुकलेल्याला कधीतरी सोडून देता येतं. पण याला कळलं होतं. तीन वर्षं बाबा दाराशी बसून गात होते, आणि याला कळलेलं होतं. मला वाटलं ओरडावं. ओरडायला ताकद लागते; मी आठवडाभर चिखलातून चालले होते. मी म्हटलं, “आज नाई होत, मास्तर.”

“बरं,” ते म्हणाले. “मंग होईपर्यंत मी बी पेला नाई घेत.”

पुढच्या महिन्यात त्यांनी ट्रे पुढं सरकवला. चटयांवर कुजबुज झाली. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. कोणी म्हणालं, मुलाशी भांडण आहे. मग दिवाळीनंतर आमच्या विहिरीवर एक बाई दुसरीला म्हणाली, “मास्तर म्हातारपनी पिऊन राह्यला वाट्टे. पाय कसे लटपटतेत पाह्य.” दुसरी म्हणाली, “जंगलातल्या गावातून बाटली येते म्हने.”

मी बादली भरून घेतली आणि घरी आले. पहिल्यांदा मला आनंदच झाला. घ्या, म्हटलं, आता कळू द्या. रात्रीचं जेवण मी चवीनं जेवले. तो आनंद आठवडाभर टिकला. मग तो आंबला. मास्तर पीत नाहीत हे गावात एकटीला मला ठाऊक होतं. त्यांचे पाय कशानं लटपटतात हेही ठाऊक होतं, त्यांच्या गुडघ्यांच्या गोळ्या मीच देत होते. आणि मी गप्प बसले होते. एका शब्दानं थांबलं असतं. तो शब्द काही माझ्या तोंडून निघत नव्हता. मास्तरांनी माझ्या बापाचं जे केलं, तेच मी मास्तरांचं करत होते, आणि मला तर भीती घालायला समोर मंडळीही बघत बसली नव्हती.

मला लहानपणापासून शिकवलेलं होतं की आधी मन साफ करावं, मग मेजाजवळ, म्हणजे प्रभुभोजनाला, जावं. मी चार महिने प्रामाणिकपणे घासलं ते मन. गुडघे टेकले, उपास केला, रडले. राग जिथल्या तिथं. त्या हिवाळ्यात मला पहिल्यांदा वाटलं की आम्हाला क्रमच उलटा शिकवला गेला. मेज फक्त न मळलेल्यांसाठी असतं तर तिथं कोण बसलं असतं? आमच्या चौदा घरांतलं तरी कोणीच नाही. हे कुठल्या पाळकाला पटलं असतं की नाही, मला माहीत नाही. मी कोणाला विचारलंही नाही.

डिसेंबरातल्या समेटाच्या शनिवारी लसीकरणाहून परतताना मी मास्तरांच्या दारी थांबले. ते अंगणात ऊन खात तुरीच्या शेंगा सोलत होते. मला पाहून आत गेले, लोटा घेऊन आले आणि तो हातात धरून उभेच राहिले. पुढं करायची त्यांची हिंमत होईना.

मी म्हटलं, “मास्तर, माफ नाई झालं माह्याच्यानं. लय पाह्यलं करून.”

“मालूम आहे.”

“पन उद्या पेला घ्या. मी बी घेते.”

“मन साफ नसताना?” शेवटी मास्तरच ते.

“साफ होईपर्यंत तुमी राह्यसान का? बाबा नाई राह्यले.”

त्यांनी लोटा पुढं केला. मी अर्धं पाणी प्यायले, उरलेलं ते प्यायले. समेट झाला असं मला मुळीच वाटलं नाही. तहान भागली, एवढं खरं.

रविवारी प्रभुभोजनाआधी मी उभी राहिले आणि श्रावणातल्या पेल्यात मोहफुलांचं पाणी होतं, आणि ते मी रागानं घातलं होतं, असं सांगितलं. मग मागून एक म्हातारी म्हणाली, “तरीच गोड लागलं व माय!” लोक हसले. एक पंच तणतणत उठले, हे शिस्तीचं प्रकरण आहे म्हणाले. तेवढ्यात मास्तर काठीवर उभे राहिले आणि त्यांनी बाबांचं सांगितलं. तोंडाला नव्हे, कपड्याला. तेव्हाच कळलं होतं. सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. कोणी हसलं नाही. माझ्या शेजारी आईनं पदर तोंडात कोंबला आणि ती हलत राहिली. तिचा हुंदका मी बारा वर्षांत पहिल्यांदा ऐकला. पाळकांनी टेबलावरच्या ट्रेवरचं फडकं काढलं. मग म्हणाले, “आधी भोजन, मग पंचायत.”

ट्रे पुरुषांकडून फिरत आला. वाटेच्या त्या कडेला मास्तर, या कडेला मी. मी माझा पेला घेतला. मनुकांचा होता, अहेरीच्या. प्यायले. बारा वर्षांनी काहीतरी उघडेल, हलकं वाटेल, असं मनात कुठंतरी होतं. तसं काही झालं नाही. बाबांची आठवण आली आणि राग आला, नेहमीसारखाच.

समोर मास्तरांनी तोवर खाली ठेवलेला आपला पेला उचलला, पण त्यांचा हात इतका थरथरत होता की तो ओठापर्यंत जाईना. रस काठावरून त्यांच्या बोटांवर यायला लागला. ते घाबरून इकडंतिकडं बघायला लागले. पुरुषांपैकी कोणी हललं नाही. मी वाट ओलांडून गेले, त्यांचा हात माझ्या हातात घट्ट धरला आणि पेला त्यांच्या तोंडाला लावला. माफ केलं होतं म्हणून नाही. सांडलं असतं म्हणून.