एका चुलीचे दोन निकाल

महाराजांच्या कारकिर्दीत मी कोल्हापूरच्या कोर्टात तेवीस वर्षं नक्कलनवीस होतो. न्यायाधीशांनी निकाल द्यायचा आणि पक्षकाराला त्याची नक्कल हवी असली की मी ती मोडीत उतरवून द्यायची, एवढंच माझं काम. मत द्यायचं नाही, तोंड मिटून हात चालवायचा. तेवीस वर्षांत एकदाच मला हे जमलं नाही, आणि ते खतिजाबाईमुळं.

खतिजाबाई हत्तींसाठी रोट भाजायची. इथल्या एका जुन्या जहागिरीच्या हत्तीखान्यात तीन हत्ती होते. जहागिरीचं नाव सांगत नाही, त्यांचे नातू अजून रस्त्यात भेटले की मला नमस्कार करतात. हत्ती नुसत्या वैरणीवर राहत नाही. त्याला रोज संध्याकाळी ज्वारीच्या पिठाचे, गूळ-मीठ घातलेले रोट लागतात, एकेक पाच शेरांचा. आत कच्चा राहिला तर हत्ती तो सोंडेनं उचलून भाजणारणीच्या अंगावर फेकतो, आणि करपला तर माहूत शिव्या फेकतो. खतिजाबाईचा नवरा मीरासाब तिथंच माहूत होता. तो तापानं गेला तेव्हा तिला पंचविशी लागली नव्हती, पदरात रशिदा नावाची तान्ही मुलगी. नवऱ्याचा चाळिसावा झाला आणि दुसऱ्या दिवशी ती चुलीपुढं बसली. तिथं तिनं एकतीस वर्षं काढली.

चुलीच्या दुसऱ्या अंगाला धोंडुबाई. ही गडमुडशिंगीची, नवऱ्यानं टाकलेली, वयानं चार वर्षांनी मोठी आणि तोंडानं चाळीस वर्षांनी. दोघी एकाच महिन्यात कामाला लागल्या. पहिला आठवडा पिठावरून भांडण्यात गेला, मग कधीतरी एकीच्या फडक्यातली भाकरी दुसरी खायला लागली.

हत्तींना सण कळत नाहीत. म्हणून दोघींनी आपसात ठरवून टाकलं होतं. दोन्ही ईदांना आणि मोहरमचे दोन दिवस खतिजाबाईच्या वाटचे रोट धोंडुबाईनं भाजायचे. दसरा, पाडवा, बेंदूर आणि गावची जत्रा या दिवशी धोंडुबाईच्या वाटचे खतिजाबाईनं. कुणाला विचारलं नाही, कुणी हरकत घेतली नाही. प्लेगात अर्धं शहर माळावर झोपड्या टाकून राहिलं, तेव्हाही या दोघी तोंडाला फडकं बांधून चुलीशी हजर होत्या.

त्या जहागिरीत थोरल्या सरकारांनी एक नियम घालून दिला होता. पंचवीस वर्षं अखंड चाकरी केलेल्या माणसाचे हात थकले की त्याला मरेपर्यंत निम्मा पगार द्यायचा. माहुतांना मिळाला, घोड्यांच्या मोतद्दारांना मिळाला. या दोघींचे डोळे धुरानं अधू झाले तेव्हा मात्र नव्या कारभाऱ्यानं तोंड वाकडं केलं. "रोट भाजणाऱ्या बायकास्नी कुणी पेन्शन देतंय व्हय? रोजंदार तुमी. उद्यापासनं येऊ नगा, म्हंजे झालं."

धोंडुबाईला भावाच्या घरी दोन घास तरी होते. खतिजाबाईची रशिदा हातकणंगल्याला दिलेली. जावई वाईट नव्हता, पण जन्मभर स्वतःच्या हातांनी खाल्लेल्या बाईला जावयाच्या दारात म्हातारपण काढायचं जिवावर आलं होतं. दोघींनी हंबीरराव नावाचा एक तरुण वकील गाठला आणि कारभाऱ्यावर दावे लावले.

आमच्या कोर्टात तेव्हा दोन न्यायाधीश होते. विषम नंबरचा दावा पहिल्या दालनात जायचा, सम नंबरचा दुसऱ्या. दावा लावायच्या दिवशी खतिजाबाई रांगेत पुढं होती. धोंडुबाईचा गुडघा दुखत होता म्हणून हिनं तिला पुढं घेतलं. "आक्का, तू बस जा लवकर." धोंडुबाईचा नंबर लागला एकशे सतरा आणि खतिजाबाईचा एकशे अठरा.

दोघींना दोन दालनांत एकच प्रश्न विचारला गेला, रोज कामावर येत होतीस का? दोघींनी खरं ते सांगितलं. सणाला येत नव्हतो, त्या दिवशी दुसरीनं भाजलं. हंबीररावानं कपाळाला हात लावला, पण आता काय उपयोग.

मंगळवारी खतिजाबाईचा निकाल लागला. दुसऱ्या दालनातल्या न्यायाधीशांनी लिहिलं होतं, 'वादी वर्षातून चार दिवस कामावर नव्हती, तिच्या जागी दुसरी होती. सबब चाकरीत खंड पडला. दावा रद्द.' शुक्रवारी धोंडुबाईचा लागला. पहिल्या दालनातल्या न्यायाधीशांनी लिहिलं होतं, 'वादीची जागा एक दिवसही रिकामी राहिली नाही. सबब चाकरी अखंड. पेन्शन मंजूर.'

दोन्ही मीच उतरवले. एकाच दौतीतली शाई, एकाच बोरूनं. शुक्रवारचा लिहिताना मला इतका संताप आला की कागदावर डाग पडला आणि पान पुन्हा लिहावं लागलं. न्याय म्हणायचा की सोडत? आठ दिवसांत बाजारात बातमी पसरली आणि लोक विषम नंबरासाठी नंबर देणाऱ्या शिपायाच्या मागं लागले. शिपायाचं उखळ पांढरं झालं. काही जण तर आपला सम नंबर बघून दावा न लावताच घरी गेले.

खतिजाबाई नकलेच्या खिडकीशी आली. मी निकाल वाचून दाखवला. ती रडली नाही, शांतपणे म्हणाली, "कारकूनसाब, एक सांगा. माज्या जागी आक्का बसली म्हनून माजी चाकरी मोडली. मग आक्काच्या जागी मी बसलो, तर तिची कशी न्हाय मोडली?"

मी बोरू खाली ठेवला. मी म्हणालो, "बाई, तीस दिवसांत वरच्या कोर्टात अपील करा. आणि धोंडुबाईच्या निकालाची नक्कल त्याला जोडा. दोन्ही समोरासमोर ठेवले की त्यांना बोलावंच लागेल."

"द्या की मग."

"मला देता येत नाही. ज्याचा निकाल त्यानंच मागायची असते. धोंडुबाईला यावं लागेल."

तिच्या लगेच ध्यानात आलं. धोंडुबाईच्या निकालावर कारभाऱ्यानं अजून अपील केलं नव्हतं. महिना असाच गेला असता तर तिचं पेन्शन कायमचं पक्कं. खतिजाबाईची मुदत तीन दिवस आधी संपत होती. तो कागद वर गेला की कारभारी जागा होणार आणि धोंडुबाईचंही काढून घेणार.

"न्हाय," खतिजाबाई म्हणाली. "तिला इचारू नगा. माजं गेलं ते गेलं." आणि पदर डोक्यावर ओढून निघून गेली.

मी दोन दिवस गप्प बसलो. रविवारी सकाळी उठलो आणि गडमुडशिंगीला चालत गेलो. नोकरीच्या दृष्टीनं हा शुद्ध गाढवपणा होता, पण त्याची मला आजही लाज वाटत नाही. धोंडुबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं, धोकाही सांगितला.

तिनं मलाच झापलं. "आनि तुमी दोन दीस काय करत हुता?"

सोमवारी खिडकी उघडायच्या आधी ती दारात उभी. शेजारी हंबीरराव, चेहरा उतरलेला. तो तिला परोपरीनं समजावत होता, "आक्का, तीन आठवडे थांबला तर जन्माची सोय होतीय. कशाला हातचं घालवताय?"

"वकीलसाब, यकतीस वर्सं मी तिची ईद भाजली. तिनं माजा दसरा भाजला. आता मी यकटीनं पेन्शन खाऊ?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "लिवा नक्कल. झटशिरी लिवा."

अपील दाखल झालं. चौथ्या दिवशी कारभाऱ्यानं धोंडुबाईच्या निकालावर उलट अपील ठोकलं. जे व्हायची भीती होती तेच झालं.

वरच्या कोर्टात दोन्ही अपिलं एकाच दिवशी चालली. मी रजा काढून मागं बसलो होतो. कोर्टात उभं राहायला जागा नव्हती. पाणी भरणारे पखाली, गवत कापणाऱ्या बायका, झाडूवाले, सगळी रोजंदार मंडळी लोटली होती, कारण हे आपलंही आहे हे त्यांना कळलं होतं. कारभाऱ्याच्या वकिलानं मोठ्या थाटात सांगितलं, "दोन निकाल विसंगत आहेत हे आम्हाला कबूल आहे. उपाय सोपा आहे. धोंडुबाईचंही पेन्शन रद्द करावं."

तशी खतिजाबाई ताडकन उठली. "तिचं काडू नगा, साहेब! मी अपील मागं घेतो. आत्ता घेतो."

"खाली बस, खतिजा!" धोंडुबाई ओरडली. "साहेब, मोडायचं तर दोगींचं मोडा. द्यायचं तर दोगींस्नी द्या. पर चूल यक, तवं शेजारी, आनि कायदा दोन, हे आमच्या पोटाला पटंना."

शिपायानं दोघींना गप्प केलं. न्यायाधीश वयस्क होते, चष्मा काढून पुसत राहिले. मग त्यांनी कारभाऱ्यालाच विचारलं, "ईदच्या दिवशी हत्तींना रोट मिळत होते?"

"व्हय, साहेब. न्हाय मिळालं तर हत्ती गाव ठिवंल व्हय?"

लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. "त्या दिवसाचा खतिजाबाईचा पगार कापला होता?"

कारभाऱ्यानं वकिलाकडं पाहिलं. वकील कागद चाळू लागला.

"मी तुम्हाला विचारतोय. एकतीस वर्षांत सणाचा एक तरी दिवस कापला? या बाईचा किंवा त्या बाईचा?"

"न्हाय, साहेब."

"का नाही?"

कारभाऱ्याच्या तोंडून खरं निघालं. "काम झाल्यालं असायचं. कापायचं कशाला?"

"म्हणजे पगार देताना जहागिरीच्या लेखी त्या दिवशी ती कामावर होती. पेन्शन द्यायची वेळ आली, तेव्हा नव्हती."

एवढं बोलून त्यांनी लेखणी उचलली. निकाल तिथंच झाला. दोघींना पेन्शन, आणि तेही काम सुटल्या दिवसापासून. पुढचं वाक्य त्यांनी हळू आणि मोठ्यानं वाचलं. बदली माणूस देऊन घेतलेली सुट्टी हा चाकरीतला खंड नव्हे; माणूस रोजंदार असो वा दरमहा, खालच्या प्रत्येक न्यायाधीशानं यापुढं हेच धरून चालावं.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग मागच्या एका पखाल्यानं जी आरोळी ठोकली तिनं कबुतरं उडाली. बायकांनी दोघींना गराडा घातला. धोंडुबाई भेटेल त्याला शिव्या देत होती आणि ढसाढसा रडत होती. खतिजाबाईनं तिचा गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि तिथंच फरशीवर बसून तो चोळायला लागली. हंबीरराव वकील, ज्याला मी आयुष्यात हसताना पाहिलं नव्हतं, तो शिपायाच्या गळ्यात पडला. माझं म्हणाल तर मी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि आजूबाजूला कोण बघतंय याची फिकीर केली नाही.

तो निकाल सगळ्यांना लागू असल्यानं त्याची नक्कल कुणालाही मागता येत होती; मी तशा सदतीस लिहिल्या. बिद्रीपासून माणसं आली. खांदा भरून यायचा आणि मनात आनंद मावायचा नाही.

पंधरा दिवसांनी खतिजाबाई तिची नक्कल न्यायला आली. खिडकीशी गर्दी होती. कुणा सरदाराकडं अठ्ठावीस वर्षं जनावरांचं शेण काढलेली बायडाबाई नावाची एक म्हातारी दावा लावायला आली होती. बावरलेली, हातात कागदाची सुरळी. तिनं खतिजाबाईचा पदर धरला आणि हळूच विचारलं, "बाई, तुमी म्हाईतगार दिसताय. कंच्या नंबराला उबं ऱ्हायलं की आपलं काम हुतंय?"

खतिजाबाईनं आपली नक्कल चोळीत खोचली. म्हणाली, "कंच्या बी ऱ्हावा, आक्का. आता दोनी दालनात यकच हाय."

बायडाबाई पुढची माणसं न मोजता रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.