सुमतीवहिनींच्या टेपांवर ठेवलेला ठपका

गुढीपाडव्यानंतरचा शुक्रवार : सदानंदच्या ओटीवर नवा ॲम्प्लिफायर बसवण्यात आला. जबाबदार, रत्नागिरीतील ध्वनिसाहित्याचे एक दुकानदार. अक्षय्य तृतीया : ‘तुमच्या टेपाच खराब आहेत’ असा निवाडा देण्यात आला. जबाबदार, तेच दुकानदार. त्याच दिवशी, त्याच ओटीवर : त्या निवाड्याला मान डोलावून संमती देण्यात आली. जबाबदार, प्रस्तुत लेखक. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दुपारी सदानंद गेला. त्याचे हृदय थकले होते; मृत्यूबद्दल माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याआधीच्या महिन्यांबद्दल.

सदानंद माझा शाळूसोबती. मी न्यायालयात कारकुनी केली, त्याने जहाजाच्या इंजिनरूममध्ये उमेदीची वर्षे घालवली. आमच्याकडे जहाजावर गेलेल्या माणसाला एके काळी पत्राऐवजी कॅसेट धाडत. सुमतीवहिनी दुपारची कामे आटोपून टेपरेकॉर्डरपुढे बसत आणि बोलत. पुढच्या बंदरात ती कॅसेट सदानंदच्या हाती पडे. त्यात ना गाणे, ना प्रेमाची भाषणे. “अहो, ऐकताय ना? विहीर तळाला गेली. तुमच्या लाडक्या रायवळाला यंदा मोहोर नाही, त्याचा दोष मला देऊ नका. आणि मिशी ठेवलीत असं कळलं. येण्यापूर्वी काढा...” वहिनींना जाऊन बरीच वर्षे झाली. त्या कॅसेटी मात्र सदानंद रोज जेवणानंतर एक, अशा क्रमाने ऐकत असे. संपल्या की पुन्हा पहिली. मी कधी थट्टा केली तर म्हणे, “मेल्या, तू आयुष्यभर परक्यांच्या जबान्या ऐकल्यास. मी घरची ऐकतो.”

गुडघे गेल्यावर त्याची खाट माजघरातून ओटीवर आली. टेप-डेक मात्र माजघरातल्या कपाटातच ठेवणे भाग होते. समुद्राच्या खाऱ्या हवेने ओटीवरचे एक यंत्र पूर्वीच गंजून गेले होते. सून माधवी आत कॅसेट लावी, आवाज बाहेर यावा एवढीच गरज. दुकानदार आले, दोन भिंती पाहिल्या आणि म्हणाले, “काका, एवढ्या लांबीला साधी वायर चालायची नाही. बॅलन्स्डच घ्या.” नवा ॲम्प्लिफायर ओटीवर बसला, आणि घराच्या विजेच्या तारांना चिकटून लांबलचक वायर माजघरापर्यंत गेली. त्या दुपारपासून वहिनींच्या प्रत्येक शब्दामागे सतत घूं असा आवाज येऊ लागला.

तक्रारीवरून दुकानदार अक्षय्य तृतीयेला पुन्हा आले. मी हजर होतो. डेकच्या मागची बाजू त्यांनी पाहिलीसुद्धा नाही. खाटेशी उभे राहून विचारले, “या कॅसेटी जहाजावर कुठे ठेवायचात?” सदानंद म्हणाला, “बंकाखाली, झोपायच्या फळीखाली. भिंतीपलीकडे जनरेटर.” “मग झालं तर! चुंबकानं खाल्ल्या त्या. वायर बॅलन्स्ड आहे, तिच्यात घूं येणारच नाही.” सदानंदने माझ्याकडे पाहिले. “माझे कान इंजिनात गेले. तू सांग, आहे का रे तो आवाज?” मी म्हणालो, “आहे. टेपा जुन्या झाल्या, सदा.” नगरपालिकेच्या एका फुटक्या गटारासाठी ज्याने ढीगभर अर्ज लिहिले, त्या माणसाने, म्हणजे मी, एवढ्या गंभीर आरोपाचा पुरावा मागितला नाही.

त्यानंतर सदानंदने कॅसेट लावू दिली नाही. माधवीने आग्रह केला की म्हणे, “राहू दे. मीच नासवला तिचा आवाज.” एकदा मला म्हणाला, “बंक बदलून मिळत होता रे, मला... मीच आळस केला.”

तेराव्याच्या आधी पाहुण्यांसाठी ओटी मोकळी करताना आम्ही ॲम्प्लिफायर आणि स्पीकर माजघरात आणून ठेवले. माधवी म्हणाली, “काका, एकदा लावूया?” भिंतीतली वायर सोडवून तिने खणातली जुनी, हातभर लांबीची साधी वायर डेकला जोडली. घूं नाही. अजिबात नाही. वहिनी स्वच्छ आवाजात विचारत होत्या, “अहो, ऐकताय ना?”

मी डेकचे माहितीपुस्तक वाचले, एका निवृत्त रेडिओ तंत्रज्ञाला घरी आणले. गोष्ट शाळकरी मुलाला कळेल अशी निघाली. बॅलन्स्ड जोडणीत एकच ध्वनी दोन तारांतून, एकीत सुलट आणि दुसरीत उलट, असा जातो. वाटेत शिरलेला उपद्रव दोहोंत सारखाच असल्याने पलीकडे वजा होतो. पण त्यासाठी दोन्ही यंत्रे त्या पद्धतीची हवीत. डेक साध्या जोडणीचा होता. म्हणजे एका टोकाला तीन पिना, दुसऱ्याला एक, आणि मध्ये विजेच्या तारांशेजारून धावणारी, नावापुरती बॅलन्स्ड वायर. ॲम्प्लिफायर आत ठेवून नुसती स्पीकरची वायर बाहेर आणली असती तरी भागले असते. घरात यंत्रे शेजारी असतील तर साधी हातभर वायर पुरते, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. प्रामाणिक माणूस लागतो.

मी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाले, “वायर बॅलन्स्डच दिली होती, काका. बिलावर लिहिलंय.” मी म्हणालो, “आणि निवाडा? तो कशावर लिहिलात?” ते गिऱ्हाइकाकडे वळत म्हणाले, “आता माणूस गेला. कशाला उकरता?”

महाशय, माणूस गेला म्हणूनच. जिवंत असता तर त्याने तुम्हाला एका शिवीत सोडून दिले असते. मी सोडणार नाही. तुम्हाला नोंदणीकृत टपालाने पाठवलेल्या तीन पत्रांची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचेही नाही. मला वायर बदलून नको, दिलगिरीचा फोन नको. वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत, स्वतःच्या नावानिशी लिहा : टेपा निर्दोष होत्या, दोष तुमच्या जोडणीत होता, आणि सदानंदने आपल्या बायकोचा आवाज नासवला नव्हता. माझा गुन्हा मी वर, सर्वांसमक्ष कबूल केला आहे. तुमचा जबाब कुठे आहे?