घरूनच धुतलेले पाय

हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय, नाहीतर राहूनच जाईल! आज शनिवारी चर्चमध्ये उपासनेआधीच्या बायबलच्या वर्गात, आमच्या शब्बाथ शाळेत, पुन्हा तोच वाद: येशू परत येण्याआधी माणूस पूर्ण निष्पाप होऊ शकतो का? एक काका म्हणाले, "व्हायलाच हवं!" मी ऐकूनच दमले. सकाळीच आईवर ओरडून आले होते ना, परत एकदा.

मग प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षरस घेण्याआधी, मनातलं पापही धुतलं जावं म्हणून आम्ही बायका एकमेकींचे पाय धुतो, तसे धुवायला बसलो. माझ्यासमोर सुमनमावशी, स्टँडपासून चालत आलेल्या. घमेल्यातलं पाणी लगेच गढूळ झालं.

"मावशी, केवढी माती!"

"मग? धुवायलाच आणलेत ना!" मावशी हसल्या. मग माझे पाय हातात घेऊन म्हणाल्या, "अगं बाई, हे तर घासूनपुसून आणलेस. मला काही काम ठेवलंस की नाही?"

खरंच, सकाळी अर्धा तास टाचा घासत होते मी. आईनं बाथरूमचं दार वाजवलं, म्हणून तर तिच्यावर ओरडले.

माझ्या घमेल्यातलं पाणी स्वच्छच राहिलं. एवढं थकल्यासारखं झालं ते बघून.

तुम्हीपण असेच घरून धुऊन जाता का हो, धुवून घ्यायला?