कुठलाही एक शब्द

परळच्या आमच्या गिरणीत कामगार-कारकुनांच्या जुन्या फाइली धुंडाळणारा एक कारकून होता. दोन्ही शब्द असलेल्या फाइली हव्या असतील तर आधी एका शब्दाच्या फाइली तो वेगळ्या काढी, मग तेवढ्यातच दुसरा शोधी. तोंडात तंबाखू असे, त्यामुळे बोलणं कमी.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातली माणसं मालकांना कामावरून काढायची होती. मी त्याला म्हणालो, "'सभा' किंवा 'मोर्चा', कुठलाही एक शब्द दिसला तरी फाइल काढ."

"एकाच शब्दावर? साहेब, अर्धी गिरणी रिकामी कराल!"

"सांगितलं तेवढं कर."

संध्याकाळी त्याने गठ्ठा आणला. सर्वांत वर त्याचीच फाइल होती. वडिलांच्या शोकसभेसाठी त्याने कधीतरी रजा मागितली होती.

"माझ्यातही 'सभा' आहे," तो म्हणाला.

ती फाइल मला बाजूला काढता आली असती. मी गठ्ठा तसाच वर पाठवला.