डावी बाजू सांगायची राहिली

"पाय पुढं करा, मावशी," असं म्हणून सोनार चष्मा कपाळावर सरकवत आणि बाईच्या नडगीवर अंगठा दाबून धरत. तोडे कापून घ्यायला आलेली बाई बावरून जाई. सोनारानं तोडे पाहायचे सोडून पाय कशाला चेपावा?

अंगठा उचलल्यावर तिथं खड्डा राहिला की ते हातातलं हत्यार खाली ठेवत.

"तोडा न्हाई लहान झाला. पायात पाणी उतरलंय. आधी समोर दाखवून या, तोडा मंग कापू."

समोर म्हणजे माझा दवाखाना. ऐंशीच्या दशकातली ही केदारखेड्याची गोष्ट. त्या वेळच्या जुन्या बाया लग्नात घातलेले चांदीचे तोडे मरेपर्यंत उतरवत नसत. पाय सुजून तोडा रुतायला लागला की त्यांना डॉक्टरच्या आधी सोनार आठवे. असा एखादा चौकस दुकानदार तुमच्याही गावात असेल. आमचे सोनार जरा जास्तच चौकस होते.

हे शास्त्र त्यांना मीच शिकवलं होतं, चहा पिता पिता. हृदयाची उजवी बाजू थकली की अंगातलं रक्त मागं तुंबतं, पाय सुजतात, पोट फुगतं, मानेच्या शिरा तट्ट होतात. त्यांनी ते असं पाठ केलं की माझ्याआधी निदान सांगून मोकळे होत.

"उजवी बाजू हाय, डाक्टरसाहेब. बराबर ना?"

"मग मी इथं कशाला बसलोय?" मी चिडवायचो.

"गोळ्या द्यायला."

बहुतेक वेळा ते बरोबर असत. मला त्यांचं कौतुक वाटे आणि गुरू म्हणून स्वतःचंही.

त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणे. काटकुळ्या, सदा कामात. एका हिवाळ्यात त्या भरदुपारी ओट्यावर भिंतीला टेकून, बसल्या बसल्या डुलक्या घेताना दिसू लागल्या. माझ्या खिडकीतून रोज दिसत. थकल्या असतील, असं म्हणून मी पुढचा पेशंट आत घेई. वीस पावलांवर होत्या त्या, आणि मी डॉक्टर होतो.

एकदा त्यांचा खोकला ऐकून मी सोनारांना विचारलं.

"शेगडीचा धूर, दुसरं काय! मी रोज तिचे पाय दाबून बघून राह्यलो ना. खड्डा बिलकुल न्हाई."

इतक्या खात्रीनं बोलले की मीही मान डोलावली. ही मान डोलावल्याची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी ते अनवाणी पळत आले. वहिनी अंथरुणावर बसलेल्या होत्या, हात गुडघ्यांवर रोवलेले, ओठ निळे, श्वासागणिक छातीत पाणी खळखळत होतं. मी इंजेक्शन दिलं. जालन्याला न्यायला जीप मिळेपर्यंत त्या गेल्या. पाय तेव्हाही सडपातळच होते.

"डावी बाजू होती," माझ्या तोंडून निघून गेलं.

तेरावं झाल्यावर ते दवाखान्यात आले आणि पेशंटच्या बाकावर बसले.

"डावी बाजू सांगा."

मी सांगितली. ती थकली की रक्त फुप्फुसात तुंबतं. पायांवर सुरुवातीला काहीच दिसत नाही.

"आडवं झालं की दम लागतो."

"लागायचा."

"डोकं उंच ठेवावं लागतं."

"गोधड्यांची वळकटी घ्यायची ती."

"झोपेतून एकदम उठून बसतात. आडवं झालं की खोकला वाढतो."

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. म्हणाले, "हे मला आधी का न्हाई सांगितलं?"

"विषय निघाला नाही," मी म्हणालो. खरं तेवढंच होतं, आणि मला त्याची लाज वाटली.

"औषध असतंय का ह्याला?"

"असतं. तुम्ही पाठवायचात त्या बायांना देतो, त्यातलंच."

"बरं," म्हणून ते उठले. दुकान त्यांनी परत उघडलं नाही. महिनाभरात मुलाकडे जालन्याला गेले आणि वर्षाच्या आत तिथंच वारले. औषधाचं विचारलं त्या दिवशी मी "नाही" म्हणायला हवं होतं, हे मला ते रस्ता ओलांडून गेल्यावर सुचलं.