धुक्यात थांबलेले आमदार

गोवा घटक राज्य झाल्यावरच्या पहिल्या निवडणुकीत आमच्या भागातून एक निवृत्त वैमानिक आमदार झाले. मी त्यांना जवळून पाहिलं ते एकदाच, तेरेखोलच्या धक्क्यावर. मी केरीच्या शाळेत मास्तर, रोज फेरीबोटीनं नदी ओलांडायचो. त्या सकाळी त्यांना शपथविधीसाठी पणजी गाठायची होती, आणि नदीवर दाट धुकं उतरलं होतं.

बोटीचा तांडेल पैलतीराकडे पाहून म्हणाला, "पलतड दिसना. हांव बोट सोडचो ना."

कार्यकर्ते त्याच्या अंगावर धावून गेले. "आमदारांना उशीर होतोय, कळतंय का तुला?"

आमदारांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. "विमान चालवायचो तेव्हा अशाच धुक्यात मी एका मंत्र्याला दोन तास बसवून ठेवलं होतं," ते म्हणाले. "आता मी आमदार झालो म्हणून धुकं विरळ होणार आहे का? हा सांगेल तेव्हा निघू."

मग कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पँटनिशी ते ओल्या पायरीवर तांडेलाशेजारी बसले आणि त्याला भरती-ओहोटीचं विचारत राहिले. निवडून आलेला माणूस असा निवांत वाट पाहताना मी त्याआधी पाहिला नव्हता.

तासाभरानं पलीकडचे माड दिसू लागले आणि बोट सुटली. कोकणी की मराठी, या भाषेच्या वादात मी त्यांच्या विरुद्ध बाजूचा. केरीला उतरताना मला राहवेना. म्हटलं, "साहेब, मी तुम्हाला मत दिलं नव्हतं."

ते हसले. "तांडेलानंही दिलं नव्हतं, मास्तर. मघाशी त्यानंच सांगितलं."